अकराची बॅच

धरमपेठेतला आमचा फ्लॅट तिसऱ्या माळ्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. घेताना मी याच गोष्टीचं हत्यार केलं होतं. बिल्डरला म्हटलं, लिफ्ट नाही, पश्चिमेचं ऊन आहे, वर तिसरा माळा, हा घेणारा मूर्ख तुला माझ्याशिवाय कोण भेटणार? त्याने भाव उतरवला. मी आणखी तोंड वाकडं केलं, त्याने आणखी उतरवला. पुढे कितीतरी वर्षं मी हा सौदा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवला. जिना चव्वेचाळीस पायऱ्यांचा आहे. तेव्हा मला हा आकडा माहीत नव्हता. दोन-दोन पायऱ्या गाळून चढणारा माणूस त्या कशाला मोजेल?

आकडा कळला तो माझी उजवी बाजू गेल्यावर. दवाखान्यातून सोडलं तेव्हा मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. पुढे मुलगा, मागे इमारतीचा वॉचमन. मी डोळे मिटून मोजत होतो. चव्वेचाळीसला खुर्ची टेकली, दार बंद झालं, आणि माझ्या लक्षात आलं की आता हे दार उघडायचं तर चार हात लागतील आणि त्यातला एकही माझा नसेल.

मी संत्रा मंडीतला दलाल. टोपल्या उचलणारा हमाल म्हणून मंडीत शिरलो आणि स्वतःच्या गाळ्याचा मालक म्हणून बाहेर पडलो. आमच्या काळी सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा उजवा हात धरत, वरून रुमाल टाकत आणि बोटांनी बोलत. एक बोट दाबलं की एक, चार दाबली की चार, पंजा धरला की पाच. भोवती वीस माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळे. आता ती पद्धत बंद झाली, लिलाव उघडा होतो. पण मी जो काही झालो तो त्या रुमालाखाली झालो. माझा एकच नियम होता. पहिला आकडा आपण सांगायचा नाही, समोरच्याला सांगू द्यायचा. जो आधी बोलतो तो आधी हरतो.

तोच हात गेला. म्हणजे जागेवर होता, पण मूठ वळून बसला होता. बोली मात्र वाचली. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "देवानं हात नेला अन् जीभ ठेवली. उलटं केलं असतं तर मले काही म्हणायचं नव्हतं."

खिडकीजवळ कूलरशेजारी माझी खुर्ची असे. तिथून समोरच्या गच्चीवरची काळी टाकी दिसायची आणि एका कडुलिंबाचा शेंडा. रस्ता दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. भाजीवाल्याने हाक दिली की मी वरूनच ओरडून भाव करायचो आणि बायको दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. भाजीवाल्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण त्याच्याशी रोज भांडलो. पंधरा-वीस दिवसांत त्याने गल्ली बदलली. बायको म्हणाली, "एक माणूस येत होता बोलायले, तोही पळवला."

व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरने सांगितलं की पाण्यात चालवा, पाणी वजन घेतं. मुलाने चौकशी केली. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एका संस्थेचा पोहण्याचा टँक होता आणि तिथे म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी एक वेगळी बॅच होती. सकाळी अकरा ते बारा. अट एवढीच, की प्रत्येकाबरोबर एक सोबती पाहिजे. माझी सोबती बायको.

दहा वाजता वॉचमन मोकळा असे आणि जिन्याखाली इस्त्रीचा ठेला लावणारा प्रेसवालाही. दोघं मला खुर्चीसकट खाली उतरवत. प्रेसवाला प्रत्येक वळणावर म्हणायचा, "सेठजी, वजन वाढला आपका." मी म्हणायचो, "तेरा हाथ कमजोर हुआ." असं करत आम्ही रस्त्याला लागायचो. चार महिन्यांनी मी रस्ता पाहिला तेव्हा एक गाय, एक उघडं गटार आणि पाणीपुरीचा बंद ठेला एवढंच होतं. मी ते आधाशासारखं पाहिलं.

टँकच्या उथळ टोकाला कोपऱ्यात पायऱ्या होत्या आणि स्टीलचा कठडा. टँकवरच्या गार्डने मला भोकं पाडलेल्या खुर्चीत बसवून त्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरवलं. छातीपर्यंत पाणी आलं आणि मी ओरडायला लागलो. गार्डला, बायकोला, डॉक्टरला, सगळ्यांना शिव्या घातल्या. डाव्या हाताने कठडा असा धरला होता की गार्डला बोटं सुटेनात.

तेवढ्यात एक माणूस खोल टोकाकडून पोहत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. साठीचा, सावळा, दात काढून हसणारा. कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर नोकरी करून निवृत्त झालेला, अजून तिथूनच बसने येणारा. लहानपणी पोलिओने डावा पाय गेलेला. काठावर त्याच्या कुबड्या आणि पायाचा लोखंडी सांगाडा पडलेला होता. जमिनीवर तो एक-एक पाऊल उचलून ठेवायचा आणि पाण्यात मासोळीसारखा फिरायचा.

"शेटजी, पाण्यासंगं काय भांडून राहिले?" तो म्हणाला. "ते तुमाले उचलून राहिलं. उचलू द्या ना."

"मी शेटजी आहो हे तुले कोणं सांगितलं?"

"अजी, शिव्या कळते ना. मजुराच्या शिव्या वेगळ्या राहते."

मी हसलो. हसताना कठडा सुटला आणि मी उभा होतो. उजवा पाय तळाला टेकलेला, कोणी धरलेलं नाही. किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. बायको काठावर उभी होती आणि तिने पदर तोंडाला लावला होता.

त्यानंतर त्या एका तासासाठी मी उरलेला दिवस काढायला लागलो. अकरा ते बारा मी माणूस होतो. बाराला शिट्टी वाजली की पुन्हा खुर्ची, रिक्षा, चव्वेचाळीस पायऱ्या, दार.

कोराडीवाल्याबरोबर सोबती नव्हता, त्यामुळे व्यवस्थापकाने त्याच्या कार्डावर माझ्या बायकोचं नाव लिहून टाकलं. एका बाईच्या नावावर दोन माणसं. तो तिला वहिनी म्हणे आणि ती त्याला डब्यातलं थालीपीठ देई. मी त्याला रुमालाखालची बोटं शिकवली. मला बोटांचा व्यायाम सांगितलाच होता. तो पाण्याखाली माझी वळलेली मूठ हातात घ्यायचा, पाण्यात ती हळूहळू सैल व्हायची, मग तो बोटं दाबायचा आणि मी आकडा ओळखायचो. "तीन." "बरोबर." "आता पंजा, वर दोन. सात." कधीकधी माझी तर्जनी त्याला उलट दाबायची. मंडीत मी एका दाबात गाड्या फिरवल्या होत्या. इथे एवढ्याने दोघं पाण्यावर थाप मारायचो.

बॅचमध्ये आम्ही सात जण. त्यात सदर भागात राहणाऱ्या, दृष्टी गेलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई त्यांचा हात धरून आणायची. बाकीचे गुडघेवाले, कंबरवाले.

उन्हाळा लागला तशी काठावरची फरशी तापायला लागली. अकरा वाजता त्यावर पाय ठेवला की चटका बसे. कोराडीवाला घरून पोतं घेऊन यायचा, ते पाण्यात बुडवून फरशीवर अंथरायचा, आणि आम्ही त्यावरून रांगेने जायचो. डोक्यावर ओला पंचा. वरून मे महिन्यातलं नागपूरचं ऊन. शिक्षिका म्हणायच्या, "मला ऊन दिसत नाही म्हणून ते कमी लागतं असं नाही हो." एका कंबरवाल्याला चक्कर आली.

माझं डोकं फिरलं. सकाळी सहा ते नऊ, थंड वेळेला, टँक धडधाकट लोकांना. संध्याकाळी पुन्हा त्यांनाच. जी वेळ कोणालाच नको ती आम्हांला. लहान, डागी फळाला मंडीत चुरी म्हणतात. चांगला माल गेल्यावर ती शेवटी कोपऱ्यात उरते. मी आयुष्यभर चुरी विकली होती, पण स्वतः चुरीच्या ढिगात कधी बसलो नव्हतो.

मी अर्ज लिहवून घेतला. अकराची वेळ आम्हांला सोयीची नाही, सकाळी सहाची मिळावी. वर माझं नाव, खाली सह्या. काठावरच सगळ्यांसमोर कागद फिरवला. शिक्षिकांनी कागदावर पट्टी लावून, तिच्या कडेने चाचपत सही केली. कोराडीवाल्याने कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"शेटजी, सहा म्हणजे सकाळचेच सहा ना?"

"नाही, मग काय संध्याकाळचे? सकाळची म्हणून लिहिलं ना वर."

सगळे हसले. तोही हसला. मग त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं आणि सही केली.

व्यवस्थापक पन्नाशीचा, गळ्यात शिट्टी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कमी बोलणारा. मी खुर्चीतून त्याच्या टेबलासमोर गेलो, बायको मागे उभी.

"अकरा वाजता आमाले काहून टाकलं?" मी विचारलं.

"तेव्हा टँक रिकामा राहते काकाजी. गर्दी नाही, धक्का नाही. तुमच्याच सोयीसाठी केलं."

"आमच्या सोयीसाठी, का कोणालेच नको म्हणून?"

तो गप्प. मला आवडलं, गप्प राहणारा माणूस सौद्यात बरा असतो.

"सहाची द्या."

"सहाची मेंबर लोकाईची आहे. नाही देता येत."

सौद्यात इथे उठून जायचं असतं. अर्धं काम त्यानेच होतं. पण मला उठता येत नव्हतं. मी बायकोला म्हटलं, "चाल वं, इथं माणसाची किंमत नाही." बायको हलली नाही. तिला वाटलं मी खरंच रागावलो, आणि रागात मला पायऱ्यांवरून नेऊ नये असं डॉक्टरने सांगितलं होतं. मी तसाच बसून राहिलो. मग दुसरं अस्त्र काढलं. बाहेर पावती फाडायला आलेले लोक उभे होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी चक्कर आलेल्या माणसाची गोष्ट सांगितली, फरशीची सांगितली, पोत्याची सांगितली. पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा व्यवस्थापकाने हात वर केला.

"बरं. सहा ते सात देतो. पण रोज पाच माणसं पायजे. पंधरा दिवस पाहीन. पाच नाही भरले तर सहाची मेंबरले वापस. अन् अकराची आजपासून बंद, गार्डची तेवढी ड्युटी मी तोडून राहिलो. दोन्ही नाही भेटणार."

पाच. पंजा. आम्ही सात होतो, वर दोनची सवड होती. "पक्कं," मी म्हटलं आणि डावा हात पुढे केला. त्याने तो धरला. त्या दिवशी पायऱ्या चढताना मी प्रेसवाल्याला सांगितलं की माझी मंडी अजून चालू आहे.

सकाळी सहाला वॉचमन झोपलेला असतो आणि प्रेसवाला अजून घरून आलेला नसतो. मुलाने वरच्या शेजाऱ्याला उठवलं. दोघांनी मला कुरकुरत खाली नेलं. बायको म्हणाली की आज मुलगाच थांबेल तुमच्याजवळ. मी कारण विचारलं नाही.

टँक सुंदर होता. फरशी गार, पाणी स्वच्छ, उजेड नुकता आलेला. आणि आम्ही दोघं. मी आणि टँकसमोरच राहणारे एक गुडघेवाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शिक्षिका एकट्या रिक्षाने आल्या, गेटपाशी कोणाला तरी धडकल्या आणि पाण्यात न उतरताच परत गेल्या. पाचव्या दिवशी गुडघेवाल्यांना सर्दी झाली. गार्ड काठावर बसून मोबाइल पाहत होता आणि मी एवढ्या मोठ्या टँकमध्ये कठडा धरून एकटा उभा होतो. आकडा ओळखायला सांगणारा कोणी नव्हता.

त्या सकाळी घरी येऊन मी कोराडीवाल्याला फोन लावला.

"कुठं मेले बे सगळे? मी कोणासाठी भांडलो?"

"शेटजी, ते पहिल्या बसचं कसं आहे..."

"बस नको सांगू मले. माणसाले गरज असली का तो चालत येते."

फोनमध्ये मागे कुठेतरी ट्रक जात असल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "बरं शेटजी," आणि फोन ठेवला.

पंधरा दिवस झाले आणि सहाची वेळ मेंबर लोकांना परत गेली. अकराची आधीच बंद झाली होती. मी पुन्हा कूलरशेजारी.

तिथे मी काय केलं? राग पाळला. जो भेटायला येईल त्याला सांगायचो, मी या लोकांसाठी वाघाच्या तोंडातून घास काढला आणि हे बिछान्यातून उठले नाहीत. लायकीच नाही. चुरी ती चुरीच. लोक मान हलवायचे, चहा प्यायचे आणि आपल्या पायांनी खाली जायचे. त्यांच्या चपलांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत बसायचो. पावसाळा खिडकीतून गेला. समोरच्या टाकीवर शेवाळ आलं आणि वाळलं. कडुलिंबाचा शेंडा थोडा वर सरकला. माझी मूठ पुन्हा घट्ट झाली, एवढी की नखं तळहातात रुतायला लागली.

दर आठवड्याला बायको ती नखं काढायची. कोमट पाण्याचं घमेलं मांडीवर घेऊन, एक-एक बोट उचकटून. मला दुखायचं, मी ओरडायचो, तिला सवय झाली होती. एक दिवस ती करंगळी उचलत होती आणि मी पुन्हा त्या सहा जणांना शिव्या देत होतो.

"एक विचारू?" ती म्हणाली. "रागावले तरी चालते, हात माझ्या हातात आहे."

"विचार."

"त्या लोकाईपैकी एकाले तरी तुमी विचारलं होतं का, का बापा, सहाले येणं जमते का तुले?"

"यात काय विचारायचं? सहाची वेळ सगळ्यात भारी. सगळेच मागून राहिले."

"मागणारे दोन पायाचे आहेत." तिने बोट खाली ठेवलं नाही. "पहिल्या बसमध्ये कामावर जाणारे पाळीवाले भरले राहते. कुबडीवाल्याले पाहून बस थांबत नाही, पुढं जाते. त्यायले चढवते तो कंडक्टर सव्वानऊच्या बसवर आहे. खाली उतरून हात देते. अन् बाईंची स्वयंपाकवाली सकाळी तीन घरं करून दहाले मोकळी होते."

"हे तुले कसं माहीत?"

"मी काठावर बसून काय करत होती मग? ऐकत होती."

तिने दुसरं बोट घेतलं.

"अन् मले विचारलं? सहाले नळ येते घरी. अर्ध्या तासात जाते. तुमाले उठवायचं, पुसायचं, डबा, पाणी. अकराले मी त्या टँकच्या कडुलिंबाखाली बसत होती. एक तास कोणी मले हाक मारत नव्हतं. तुमी पाण्यात, मी सावलीत." नखाचा तुकडा घमेल्यात पडला. "तो तास तुमी विकला. मले न विचारता."

आयुष्यात माझ्याकडून कोणी असा भाव काढला नव्हता. मी उत्तर शोधलं. उन्हाचं खरं होतं, फरशीचं खरं होतं, चक्कर आलेला माणूस खरा होता. पण मंडीत सगळ्यांना जे हवं असतं तेच महाग असतं, म्हणून मी ते मागितलं होतं. ते आमच्यापैकी कोणाला हवं आहे का, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आणि त्या माणसाला मी चालत ये म्हटलं होतं. ते वाक्य मला त्या घमेल्यासमोर बसून पुन्हा ऐकू आलं, ट्रकच्या आवाजासकट.

"तो कुठं आहे आता?" मी विचारलं.

"कार्डावर सोबती म्हणून माझं नाव आहे. फोन येते मले." तिने हात पुसला. "बोलावू?"

चार दिवसांनी साडेदहाच्या सुमारास खालून हाक आली. "शेटजी! ओ शेटजी!" त्याला चव्वेचाळीस पायऱ्या चढता येणार नव्हत्या आणि वॉचमन नेमका गावी गेलेला, म्हणून मला उतरता येणार नव्हतं. बायकोने मला पहिल्यांदाच खुर्चीसकट ओढत, उंबरठा ओलांडून गॅलरीच्या कठड्यापर्यंत नेलं. मी वाकून पाहिलं. खाली दोन कुबड्या, त्यांच्यामध्ये डोकं. केस आणखी पिकले होते.

मला जे बोलायचं होतं ते तीन माळ्यांवरून ओरडून बोलण्यासारखं नव्हतं. समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबली होती.

"काय म्हणते तब्येत?" मी ओरडलो.

"मस्त आहे! तुमची?"

"हात पुन्हा गेला!"

"येईन जी, वापस येईन!"

मी बायकोला म्हटलं, "त्याले चहा पाठव." तिने थर्मास भरला, कागदात थालीपीठ गुंडाळलं, भाजीच्या टोपलीत ठेवलं. मी म्हटलं, दोरी मले दे. डाव्या हाताने मी ती टोपली उतरवली. फार सावकाश उतरवली. मधल्या माळ्यावर ती भिंतीला लागली तर मी थांबलो, पुन्हा सोडली. त्याने प्रेसवाल्याच्या ठेल्याला टेकून चहा घेतला आणि वर पाहून कप उचलला.

"व्यवस्थापकाले भेटलो मी," तो ओरडला. "अकराची अजून रिकामी आहे! पण तो म्हणते, सोयीची नाही असं ज्यानं लिहून देलं त्यानंच यावं! तुमची सही वर आहे ना!"

तर असं होतं. सात माणसांचा तास माझ्या एका सहीखाली अडकला होता.

वॉचमन परतल्यावर मी गेलो. खुर्ची त्याच टेबलासमोर, बायको मागे. व्यवस्थापकाने मान वर केली, शिट्टी बाजूला केली, आणि गप्प बसला. मी ओळखलं. तो माझ्याच शाळेत शिकलेला होता. पहिला आकडा त्याला सांगायचा नव्हता. पंखा फिरत होता. बाहेर पावती फाडायला आलेल्यांची रांग होती. मी दोन्ही ओठ दाबून धरले, जुनी सवय. तो म्हणेल, बोला काकाजी किती वाजताची पाहिजे, मग मी म्हणेन तुम्हीच सांगा. अशी आम्ही दुपार काढली असती.

बायकोने मागून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"अकरा," मी म्हटलं.

त्याने वही ओढली. "अकराची गैरसोयीची आहे असं लिहिलं होतं तुमी."

"हो. चुकलं माझं. लिहून देतो."

डाव्या हाताने सही करायला मला वेळ लागला. पोराने काढल्यासारखी आली. त्याने ती पाहिली, मग मला पाहिलं, आणि म्हणाला, "सोमवारपासून या. मंगळवारी टँक धुवायचा राहते, तेव्हा बंद."

मंगळवारी बंद, मग दुसऱ्या कोणत्या दिवशी सव्वा तास, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. बायको नंतर म्हणाली की माझी मान लाल झाली होती.

सोमवारी सहा जण आले. कंबरवाला आता येत नाही. ऑक्टोबरचं ऊन होतं, फरशी तापलेलीच होती. आम्हांला उरलेली वेळ दिली याचा राग मला अजून आहे आणि तो मी सोडणार नाही. पण कोराडीवाल्याने पोतं बुडवून अंथरलं तेव्हा मी काही बोललो नाही. मला पाण्यात उतरवलं. बायको पिशवी घेऊन कडुलिंबाखाली गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

तो पोहत आला. त्याने माझी मूठ पाण्याखाली घेतली. फोनवरचं ते वाक्य आमच्या दोघांमध्ये होतं; मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

"तुझी बस इथं किती वाजता पोचते?" मी विचारलं.

"काहून शेटजी? पुन्हा अर्ज?"

"नाही. नुसतं विचारून राहिलो."

मूठ सैल व्हायला फार वेळ लागला, पूर्वीपेक्षा जास्त. मग त्याने पंजा धरला. पुन्हा पंजा धरला. पुढचं एक बोट दाबण्याआधी त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ते बोट अर्ध्यातच सोडून दिलं.

"साडेदहा," मी म्हटलं.

"बरोबर."

मी उलट दाबायचा प्रयत्न केला. काहीच हललं नाही. आम्ही बारापर्यंत तेच करत राहिलो. मग शिट्टी वाजली.